कोहिनूरच्या होडीचा उन्हाळा

यंदा वैशाखात आमच्या शाळेची पाण्याची टाकी तडकली. भालकीच्या उन्हात टाकी तडकली नाही तरच नवल. दुरुस्तीला आलेला माणूस स्टाफरूमच्या खिडकीखाली सावली धरून बसला. त्यानं डब्यात मधासारखं घट्ट काहीतरी ओतलं, त्यात दुसऱ्या बाटलीतले थेंब सोडले आणि काडीनं ढवळायला लागला. मी आत पेपर तपासत होते. तो वास आला आणि माझा लाल पेन एका मुलाच्या अर्ध्या उत्तरावर थांबला. गोडसर, उग्र, नेलपॉलिशची बाटली उघडी राहिल्यासारखा वास. बाकीच्या बायकांनी पदर नाकाला लावले. मी मात्र उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"मॅडम, डोकं दुखंल, सरका तिकडं," तो म्हणाला.

"दुखू दे," मी म्हटलं. मला त्या वासात अक्काचं अंगण दिसत होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर कोहिनूर, बसवकल्याण तालुक्यातलं. नाव हिऱ्याचं, आणि गावात तूर, ज्वारी, बाभळी आणि उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरी. नदी नाही, तळं नाही, समुद्राचं तर नावच काढू नका. अशा गावात एका उन्हाळ्यात माझ्या दाजींनी, अक्काच्या नवऱ्यानं, होडीचा साचा केला. खरी होडी नव्हे. हौशी लोक तळ्यात सोडून रिमोटवर पळवतात तसली, हातभर लांबीची. पण त्या हातभर होडीत आमचं सगळं घर बसलं होतं, हे आता मागं वळून बघताना कळतं.

दाजींचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. आजोबांपर्यंत कळप होता. वडिलांच्या वेळी मेंढरं गेली आणि थोडी कोरडवाहू जमीन आली. दाजींच्या वेळी त्या जमिनीवर भागेना. तेव्हा आमच्याकडची माणसं पुण्याला, हैदराबादला जायला लागली होती. दाजी सगळ्यांच्या पुढं गेले, थेट कोकणच्या किनाऱ्यावर. तिथं फायबरच्या मासेमारी होड्या करणारा एक कारखाना होता. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की होड्या वाळूवर ओढतात आणि तेव्हाच दुरुस्तीचं काम जोरात चालतं. म्हणजे मृगाच्या आत दाजींना तिथं हजर व्हावं लागायचं.

त्यामुळं अक्काच्या घरात पावसाचा हिशेबच उलटा होता. सगळं गाव आभाळाकडं डोळे लावून बसायचं आणि आमची अक्का मनातल्या मनात म्हणायची, देवा, अजून थोडा लांबव. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईनं असं म्हणणं म्हणजे पापच. पण म्हणायची. मला तिनं स्वतः सांगितलंय. दरवर्षी ती दाजींच्या पिशवीला हळदीकुंकू लावायची, दहीभात बांधून द्यायची, आणि पिशवी जायची. बरोबर जावं तर घरात सासूबाई, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

त्या सासूबाईंना सगळं गाव भागूमाय म्हणायचं. मीही तेच म्हणायची. बुटक्या, काटक, पांढऱ्या लुगड्यातल्या. तरुणपणी त्यांनी घोंगड्यांना चिंचोक्याची खळ लावण्यात आणि नंतर रानात खुरपण्यात हात झिजवले होते. उजव्या हाताच्या अनामिकेच्या टोकावर खुरप्यानं कापल्याची आडवी खूण होती. मला जवळ बसवून माझा चेहरा चाचपडायच्या तेव्हा ती खूण गालाला लागायची.

मी त्या चैत्रात तिथं का होते, तेही सांगते. बी.एड. झालं होतं, नोकरीचा हुकूम यायचा होता, आणि घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण 'काय गं, काय झालं तुझं?' असं विचारायचा, जणू मीच हुकूम उशाखाली दडवून ठेवला होता. मी कंटाळून अक्काकडं पळाले. तिथं कोणी काही विचारलं नाही. ताटात भाकरी वाढली आणि निवडायला तूर दिली. त्या न विचारण्याबद्दल मी आजही त्या घराची ऋणी आहे.

दाजी हैदराबादहून एक गुंडाळलेला कागद घेऊन आले होते. तिथल्या एका दुकानदाराशी त्यांची कशी ओळख निघाली होती कोण जाणे. तो हौशी लोकांना असली छोटी विमानं, होड्या विकायचा. दाजी होड्यांच्या कारखान्यात असतात म्हटल्यावर त्यानं नकाशा हातात दिला होता. अशी एक करून आण, पावसाच्या आत, माल पसंत पडला तर पुढचं काम तुझं, घरी बसून कर. नाही पडला तर नाही. बस्स, एवढंच. होडी पसंत पडली तर दाजी घरी, नाही तर समुद्रावर.

नकाशावरचं इंग्रजी वाचायला दाजी मला हाक मारायचे, "ओ मास्तरीण." हुकूम आला नव्हता, पण पदवी मिळाली होती.

"हे काय हाय दाजी?"

"होडीचं पोट."

"आन् बाकीची होडी?"

"पोट झालं की बाकीचं लोक लावून घेतेत."

मग त्यांनी मला सगळं समजावलं. आधी लाकडाची होडी करायची. ती विकायची नाही, तरंगवायचीही नाही. तिला गुळगुळीत करून तिच्यावर फायबर चढवायचं, ते कडक झालं की आतलं लाकूड काढून घ्यायचं. उरला तो साचा. मग त्या साच्यात आतून फायबर लावून पाहिजे तितक्या होड्या. मी विचारलं, मग लाकडाच्या होडीचं काय? म्हणाले, "तिचं काय? तिचं काम झालं." मला त्या लाकडाच्या होडीची उगाच कीव आली.

पांगाऱ्याचं हलकं लाकूड त्यांनी तासायला घेतलं. होडी कुठं किती फुगीर पाहिजे याचे आकार जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यांतून कापले होते. एका पुठ्ठ्यावर कुणाच्या तरी शुभविवाहातलं नुसतं 'शुभ' उरलं होतं. पुठ्ठा लाकडावर धरायचा आणि मधून उजेड दिसतो का बघायचं, हे माझं काम. "दिसतोय," म्हटलं की दाजी रंधा उचलायचे. बोलणं एवढंच. मी स्वभावानं उतावीळ, आणि त्या अंगणात मला उजेड दिसेनासा होईपर्यंत थांबायला शिकवलं गेलं. लाकूड झालं, मग खाचाखोचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, मग पाणी लावून पॉलिश पेपरनं घासणं. घासून घासून बोटांचे ठसे जातात की काय असं वाटायचं. वळणावर चिंचेखाली बसणारे म्हातारे येऊन बघून जायचे.

"समुद्र न्हाई, नदी न्हाई, आन् होडी कामून करायलास रे?" एकानं विचारलं.

"पूर आला म्हंजी तुमाला बसवून न्यायला," दाजी म्हणाले.

"ह्याच्यात? ह्याच्यात माझी पानाची चंची बी बसत न्हाई."

भागूमायला दिसायचं नाही म्हणून त्या हात लावून बघायच्या. "वासराच्या नाकावानी हाय की," असं होडीच्या पुढच्या टोकाबद्दल म्हणाल्या. तेव्हापासून घरात सगळे त्या टोकाला नाकच म्हणायला लागले.

शेवटचा राखाडी रंग दिला आणि दाजींनी होडीवर धूळ बसू नये म्हणून जुनं धोतर झाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर उचललं तर नाकावर शेजारी शेजारी दोन टिकल्या, एक हळदीची, एक कुंकवाची. आमच्याकडं नवा नांगर आला, नवी सायकल आली, चुलीवर नवी कढई चढली, तरी आधी हळदीकुंकू. त्यात नवल काही नव्हतं. दाजी हसले. स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "अगं, रंग वाळू तरी द्यायचास." अक्का भाकरी थापत होती, तिनं नुसतं "हं" केलं. दाजींनी ओल्या फडक्यानं दोन्ही टिकल्या पुसल्या आणि धोतर परत झाकलं. रंग वरून वाळला होता, आतून मऊ होता, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग साच्याचं काम. फायबरच्या चादरी चिकटवायचा मधासारखा घट्ट रस म्हणजे रेझिन; उन्हात ते डब्यातच आळून गरम दगड होतं. एकदा तसं झालंही. डबा धुमसायला लागला आणि दाजींनी तो उकिरड्यावर भिरकावला. म्हणून ते भल्या पहाटे, नीट दिसायच्याही आधी कामाला लागायचे. रंग चांगला कडक झाल्यावर एका अशाच पहाटे त्यांनी होडीला मेण चोळलं आणि कुंचल्यानं रेझिनचा पहिला थर दिला. मी काचेच्या धाग्यांच्या पांढऱ्या चादरी कापून देत होते. भागूमायनं एक तुकडा हातात घेऊन चुरला.

"ही कोन्च्या मेंढराची लोकर हाय?"

"काचंच्या मेंढराची," दाजी म्हणाले.

"कातरताना लई वरडत असंल मंग," असं म्हणून भागूमाय बराच वेळ स्वतःशी हसत राहिल्या. नंतर आमचे सगळ्यांचे हात खाजायला लागले तेव्हा त्यांनीच आम्हाला गार पाण्यात हात बुडवून बसवलं. न चोळता. कुसळं निघायची ती तशीच निघतात, म्हणाल्या.

साचा कडक होईपर्यंतचे ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. काही घडत नव्हतं. झाडावर आंबे पाडाला लागलेले, कोपऱ्यात तो खडबडीत पांढरा गठ्ठा, आणि अक्का पाणी आणायला जाता-येता त्याच्याकडं बघायची, जसं आजारी माणसाकडं बघतात. एका संध्याकाळी पश्चिमेला ढग आले. चिंचेखालचे म्हातारे खूश झाले. अक्का आत निघून गेली.

साचा सोडवायच्या सकाळी आम्ही सगळे अंगणात होतो. दाजींनी बांबूच्या पाचरी कडेनं घातल्या, फटीतून पाणी सोडलं, लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकलं. बराच वेळ काहीच नाही. मग आतून टक् असा आवाज झाला आणि लाकडाची होडी निघाली, पण नाकापाशी दुभंगून. तिचं काम झालं होतं. दाजींनी तिच्याकडं पाहिलंही नाही. साच्याचं आतलं अंग काचेसारखं चमकत होतं. त्यांनी हात फिरवायला सुरुवात केली, मागून पुढं, आणि नाकापाशी हात थांबला.

साच्यात दोन उंचवटे होते, शेजारी शेजारी. नखाच्या जाडीएवढेच, पण होते. लाकडावरच्या मऊ रंगात बोट रुतून दोन खळगे पडले होते, साच्यानं ते इमानानं उचलले होते. आता या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीच्या नाकावर दोन खळगे येणार.

"हळद लावताना किती दाबायचं म्हंतो मी," दाजी अक्काला म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चेहरा पडला होता. इतके दिवस घासून आणलेल्या त्या काचेला नाकापाशी परत पेपर लावावा लागणार होता.

"मी कुठं लावली? मला वाटलं, तुमीच लावली."

सगळे माझ्याकडं वळले. मी मान हलवली. दाजींनी परत त्या उंचवट्यांवर अंगठा फिरवला, आणि मग एका ठिकाणी थांबवला. दोन्हींवर आडवी बारीक खूण होती.

"मी लावली," उंबऱ्यावरून भागूमाय म्हणाल्या.

भागूमाय ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. हळदीकुंकवाच्या ताटाला त्यांनी कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. घरात नवी वस्तू आली की पूजा अक्का करायची आणि भागूमाय आपणहून भिंतीकडं सरकायच्या. कुणी सरका म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. म्हणायची गरजच पडत नव्हती. त्या बाईनं, डोळ्यांना धड दिसत नसताना, सगळे उठायच्या आधी चाचपडत जाऊन होडीचं नाक शोधलं होतं आणि टिकली नीट बसावी म्हणून बोट दाबून धरलं होतं.

"कामून गं माय?" दाजींनी विचारलं.

"तू ऱ्हावंस म्हून. तुझी बायकू दरसाली पिशवीला लावती, आन् तू दरसाली जातूस. म्हटलं, येकदा माझ्या हातानं लावून बघावं. देव रागावला तर माझ्यावर रागवंल."

दाजींच्या एका हातात पॉलिश पेपर होता. ते दोन उंचवटे घासून काढायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. ते बराच वेळ साचा मांडीवर घेऊन बसले.

"साच्यात ऱ्हायलेलं जन्मभर निघत न्हाई, कळतंय का तुला?" शेवटी ते म्हणाले.

"मंग बरंच झालं की," भागूमाय म्हणाल्या.

दाजींनी पेपर खाली ठेवला. खळगे होडीतच भरून घेईन, असं काहीतरी पुटपुटले आणि हात धुवायला गेले. अक्का पदरानं डोळे पुसत होती. मला तेव्हा फार बरं वाटलं, आणि का ते सांगता आलं नसतं. आता येतं. त्या घरातल्या एका माणसानं दुसऱ्यासाठी आयुष्यभराचा नेम मोडला होता, आणि त्या दुसऱ्यानं त्याची खूण पुसायला नकार दिला होता. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या साच्यातली पहिली होडी पांढरी निघाली. दाजींनी नाकावरचे खळगे लांबीनं भरले, घासले, आणि आम्ही ती बैलांच्या हौदात सोडली. तरंगली. सरळ, जराही न कलता. चिंचेखालचे सगळे म्हातारे हौदाभोवती गोळा झाले. कडेला पाणी पीत असलेल्या बैलानं फुरफुर केली तशी ती डुलत डुलत पलीकडच्या काठाला गेली. ते चंचीवाले म्हातारे टोपी मागं सारून म्हणाले, "आता पूर येऊ दे."

दाजी होडी घोंगड्यात गुंडाळून हैदराबादला गेले. आभाळ भरून यायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून अक्का काही ना काही निमित्तानं वळणापर्यंत जात होती. संध्याकाळची गाडी आली तेव्हा मीही तिच्याबरोबर होते. दाजी उतरले. खांद्यावर रेझिनचा भलामोठा कॅन होता. किनाऱ्यावर जाणारा माणूस घरी कॅन आणत नाही. अक्कानं कॅन पाहिला. "चहा ठिवते," म्हणाली आणि झपाझपा पुढं चालायला लागली. मागून मला तिची पाठ दिसत होती. इतकी सरळ पाठ मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

दुकानदाराचं बोलणं दाजींनी चहा पिता पिता सांगितलं. त्यानं होडी उलटीसुलटी केली आणि नाकापाशी भरलेल्या ठिगळांवर नख लावलं. "माल तो चिकना है मियाँ, पन ये दो पैबंद कायके?" दाजी खोटं बोलणारे नव्हते. "अम्मा की उंगली है साब," म्हणाले. होडी सरळ ठेवत तो म्हणाला, "अगली बार बराबर भरके लाव. दिखना नक्को." भागूमायला हे मराठीत सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शहाना मानूस हाय." मग पाऊस आला, आणि तो अक्कानं बाकीच्या गावासारखाच, बिनघोर पाहिला.

माझा हुकूमही त्याच पावसाळ्यात आला, औरादचा. नंतर बदली होऊन भालकीला आले. पण सुटी मिळाली की मी बसवकल्याणला गाडी बदलून कोहिनूरला जायचीच. त्या वर्षांत गल्लीतलं एक एक घर बंद होत गेलं. कुणी पुण्याला, कुणी भिवंडीला, कुणी हैदराबादला. अक्काच्या दारात मात्र रेझिनचा वास यायचा आणि आत माणसं असायची. भागूमायचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा त्यांनी साचा मागवून घेतला, आपलं बोट बघितलं आणि म्हणाल्या, "वाकडं लागलंय."

दाजी प्रत्येक होडीचे ते दोन खळगे भरत राहिले. लांबी, पेपर, पाणी, परत पेपर. दरवेळी. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "दाजी, एकदाचा साचाच घासून टाका की." म्हणाले, "टाकतो उद्या." नंतर एका हिवाळ्यात भागूमाय झोपेतच गेल्या. तरी ते खळगे भरतच राहिले. मग मी विचारायचं सोडून दिलं.

माझ्या वाट्याला फार मोठं काही आलेलं नाही. पण कुणी विचारलं, की देवानं तुला काय दिलं, तर मी त्या उन्हाळ्याचं नाव घेईन. मला तो पाहायला मिळाला. माणूस घरी राहावा म्हणून माणसं काय काय करतात, ते मला शिकवायला कुठल्या पुस्तकाची गरज पडली नाही.

टाकी दुरुस्त झाली त्या शनिवारी राहवलं नाही म्हणून मी कोहिनूरला गेले. दाजींचे केस पिकलेत. अंगणाच्या जागी पत्र्याची शेड आली आहे. होड्यांचे नवे साचे आहेत, टाक्यांची झाकणं आहेत. नव्या साच्यांना अक्का हळदीकुंकू लावते, पण बाहेरून, आणि तेही दाजींच्या देखरेखीखाली. जुना साचा भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. तसल्या होड्या आता कुणी मागत नाही. तरी त्याच्यावर धूळ नव्हती.

मी तो उतरवला, मांडीवर घेतला आणि आत हात घातला. पुढं सरकत सरकत नाकापाशी गेले. होडीत असतो तो नुसता खळगा. साच्यात मात्र बोटाचं टोकच असतं, जसं होतं तसं, बाहेर आलेलं. माझ्या बोटाला ते लागलं. आडवी खूणही लागली.

"काय करायलीस गं तिथं?" आतून अक्कानं विचारलं.

"भागूमायला भेटायलेय."

ती हात पुसत बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि तिनंही साच्यात हात घातला. हळदीवर माझं बोट होतं, कुंकवावर तिचं. दाजी शेडच्या दारात कुंचला हातात धरून उभे राहिले, आणि आम्ही हात काढेपर्यंत त्यांनी आम्हाला हाक मारली नाही.